इंजिन चालते आहे, मग लिफ्ट पंप कशाला बदलायचा?

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत, कोलोराडोमध्ये असतो. त्याने २००१ सालचा डॉज रॅम पिकअप ट्रक जुन्यात घेतला. कमिन्सचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, गाडी ठणठणीत, एका सेल्फमध्ये सुरू होते. तरीही घेतल्या घेतल्या त्याने टाकीपासून इंजिनपर्यंतची डिझेलची नळी काढून जाड नळी टाकली आणि चेसिसवर नवा ‘लिफ्ट पंप’ बसवला. मी उभी हयात ट्रकच्या धंद्यात काढली, पण चालत्या गाडीला अशी खीळ घालताना कोणाला पाहिले नाही. जास्त डिझेल पाठवले तर गाडी जास्त डिझेल पिणार नाही का? अ‍ॅव्हरेज वाढेल की पडेल? आणि हे खरेच फायद्याचे असेल तर आपल्याकडच्या ट्रकना कोणी का करत नाही?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा पुतण्या पैसे उधळत नाही, एवढे आधी सांगून टाकतो, म्हणजे घरातले वातावरण निवळेल. मात्र त्याने केलेल्या कामामुळे गाडी जोरात पळणार नाही, आणि अ‍ॅव्हरेजही वाढणार नाही. त्याने एका महागड्या पंपाचा जीव वाचवला आहे. तो पंप कोणता आणि त्याला धोका कशाचा होता, हे कळले की तुमच्या बाकीच्या शंका आपोआप सुटतील.

डिझेल इंजिनाला पंप दोन असतात, हे तुम्हाला सांगायला नको. टाकीतून डिझेल उचलून पुढे देतो तो लिफ्ट पंप, म्हणजे आपल्याकडचा फीड पंप. त्याचा दाब असतो जेमतेम एक बार, म्हणजे १४-१५ पीएसआय. त्याच्यापुढे इंजेक्शन पंप. हा डिझेल मोजून, योग्य क्षणी, नोझलकडे ढकलतो आणि इथला दाब हवेच्या दाबाच्या शेकडो पट असतो. पहिला हमाल आणि दुसरा कारागीर. कोणत्या क्षणी किती डिझेल जाळायचे, हे कारागीर ठरवतो. हमालाने कितीही पोती दारात आणून टाकली तरी कारागीर उचलणार हिशेबापुरतीच.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर इथेच मिळते. २००१ च्या या इंजिनाची ताकद २३५ ते २४५ अश्वशक्तीच्या घरात. चढावर, मागे ट्रेलर लावून, पूर्ण जोर मारला तरी ते तासाला साधारण ४५ लिटर डिझेल जाळेल. बाजारात मिळणारे मोठे लिफ्ट पंप मात्र तासाला साडेतीनशे लिटरच्या पुढे वाहून नेतात. आकडा ऐकून कोणीही दचकेल, पण उरलेले सगळे डिझेल परतीच्या नळीने टाकीत जाते. ते जळत नाही, नुसते फिरते. मग एवढे फिरवायचेच कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन आले ते १९८९ च्या मॉडेलपासून. १९९४ पासून त्याला बॉशचा पी-७१०० हा इनलाइन पंप लागला. आपल्या जुन्या ट्रकांवर मायकोचा जो लांबट, सिलिंडरागणिक एकेक प्लंजर असलेला पंप असायचा, त्याच जातकुळीतला. हा पंप वंगणासाठी इंजिनाचे ऑइल घेतो. लिफ्ट पंपही यांत्रिक, इंजिनाच्या कॅमवर चालणारा. जोवर इंजिन फिरते तोवर तोही फिरणार. अमेरिकेतले हौशी लोक आजही या जोडीची आठवण काढून हळहळतात.

१९९८ च्या मध्यावर चित्र बदलले. धुराचे नियम कडक होत होते आणि इंजेक्शनची वेळ अधिक अचूक, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळणे भाग होते. इंजिनाला चोवीस व्हॉल्व्ह आले आणि इनलाइन पंपाच्या जागी बॉशचा व्हीपी-४४ हा रोटरी पंप आला. आटोपशीर, हुशार, डोक्यावर स्वतःचे सर्किट घेऊन बसलेला. पण त्याच्या रचनेत एक मेख आहे. त्याला इंजिनाच्या ऑइलचा थेंबही मिळत नाही. त्याचे वंगणही डिझेल आणि त्याला थंड ठेवणारे पाणीही, म्हणायला, डिझेलच. म्हणून जळणाऱ्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त डिझेल त्याच्या पोटातून सतत वाहत राहावे लागते. त्याच्या अंगावर एक ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह असतो. आत पुरेसा, सुमारे १४ पीएसआयचा, दाब आला की तो उघडतो आणि तापलेले डिझेल टाकीकडे सोडतो. दाब कमी पडला की व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, मग प्रवाह मंदावतो, पंपाची उष्णता आतच राहते आणि वंगणाचा थर पातळ होतो.

याच बदलात लिफ्ट पंपही यांत्रिकचा विजेचा झाला. तो बसवला कुठे? टाकीजवळ नव्हे, तर थेट इंजिनाच्या ब्लॉकला. म्हणजे इंजिनाची उष्णता त्याला, इंजिनाची थरथर त्याला आणि टाकीपासून इथवरचे डिझेल ओढून आणायचे कामही त्यालाच. छोटा विजेचा पंप ढकलायला बरा असतो, ओढायला नाही. हे पंप पटापट मरू लागले, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

खरी गंमत, किंवा खरे तर दुर्दैव, पुढे आहे. लिफ्ट पंप मेला तरी गाडी चालते! व्हीपी-४४ च्या पोटात पात्यांचा एक छोटा पंप असतो. तो स्वतःच्या बळावर टाकीतून डिझेल ओढून घेतो. सेल्फ मारला की इंजिन सुरू, रस्त्यावर गाडी पळते, मालक खूश. डॅशबोर्डवर डिझेलच्या दाबाचा काटा कंपनीने दिलेलाच नव्हता. त्यामुळे मागचा हमाल कधीच गेला आहे आणि कारागीर अर्धपोटी, तापत काम करतो आहे, याची खबर कोणालाच लागत नाही. मग एके दिवशी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी क्षणभर प्रतिसाद देत नाही, संगणक पी-०२१६ हा इंजेक्शनच्या टायमिंगचा कोड दाखवतो आणि इंजेक्शन पंपच बदलायची वेळ येते. त्याची किंमत लिफ्ट पंपाच्या कितीतरी पट. ‘एका सेल्फमध्ये सुरू होते’ हा तुमचा पुरावा म्हणूनच या गाडीच्या बाबतीत चालत नाही. ती मरणपंथाला लागलेली असतानाही एका सेल्फमध्येच सुरू होते.

एक मात्र न्यायाने सांगायला हवे. व्हीपी-४४ चे सगळे मृत्यू लिफ्ट पंपाच्या खात्यावर टाकणे बरोबर नाही. त्याच्या डोक्यावरचे सर्किट उष्णतेने आणि वयाने आपसूकही जाते. उत्तम लिफ्ट पंप लावूनही काहींचे पंप गेले आहेत. शिवाय ही गाडी जुन्या डिझेलच्या काळातली. अमेरिकेत २००६ पासून रस्त्यावरच्या वाहनांच्या डिझेलमधले गंधक १५ पीपीएमपर्यंत खाली आणले गेले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणाही जातो, तो मग रसायने घालून परत आणावा लागतो. ज्या पंपाचे वंगणच डिझेल आहे, त्याला हा बदल मानवला नाही अशी तिकडे पुष्कळांची तक्रार असते. तेव्हा पुतण्याने धोका कमी केला आहे, नाहीसा केलेला नाही.

आता नळी. जुनी नळी फुटलेली नव्हती, गळत नव्हती, मग जाड का टाकायची? इथे एक समजूत आड येते ती अशी की पंप डिझेल ‘ओढतो’. कोणताही पंप द्रव ओढत नाही. तो फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि टाकीतल्या डिझेलवर बसलेली हवा ते डिझेल पंपाकडे ढकलते. म्हणजे ओढायच्या बाजूला एकूण भांडवल असते वातावरणाच्या दाबाचे, समुद्रसपाटीला साधारण १४.७ पीएसआय, त्यापेक्षा एक पैसा जास्त नाही. नळीतला विरोध, वळणे, टाकीतली जाळी, चढण, सगळे त्यातूनच भागवायचे. तुमचा पुतण्या तर कोलोराडोत. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना लागणारा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे; तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो. म्हणजे मागे ट्रेलर, पुढे घाट, इंजिनाची भूक सर्वांत जास्त आणि डिझेल ढकलणारी हवा सर्वांत दुबळी.

या भांडवलाची सर्वांत मोठी उधळण बारीक नळीत होते. संथ वाहणाऱ्या द्रवाला नळीचा होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. व्यास दुप्पट केला तर विरोध निम्मा नाही, सोळावा हिस्सा होतो. या गाडीची मूळ नळी पाऊण इंचाच्या निम्मी, म्हणजे तीन-अष्टमांश इंच मापाची. बदलून टाकतात ती अर्ध्या इंचाची. डोळ्यांना फरक किरकोळ दिसतो, पण हिशेबाने विरोध जवळपास एक-तृतीयांशावर येतो. म्हणूनच नुसता मोठा पंप घेऊन जुन्या बारीक नळीला जोडणारा माणूस अर्धेच काम करतो. नळी बारीक आणि पंप जबर असला की पंपाच्या तोंडाशी दाब फार खाली जातो आणि डिझेलमध्ये विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते. डिझेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. तो बुडबुडा इंजेक्शन पंपात पोचला की दाब तयार व्हायच्या ऐवजी बुडबुडाच आक्रसतो आणि जिथे डिझेलचा वंगणाचा थर हवा तिथे तेवढी जागा कोरडी राहते.

नळीइतकाच अडथळा तिच्या टोकांना असतो, आणि हे बघायला लोक विसरतात. बॅन्जो बोल्ट तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. पोकळ बोल्टाच्या बाजूला छोटी भोके, डिझेलने त्यातून शिरायचे आणि काटकोनात वळायचे. फिल्टरच्या आधी, फिल्टरच्या नंतर, इंजेक्शन पंपावर, अशा प्रत्येक बॅन्जोवर थोडा थोडा दाब खर्च होतो. अर्ध्या इंचाची नळी टाकून शेवटी जुनेच बॅन्जो ठेवले तर पैसे नळीवाल्याचे झाले, गाडीचे नाही. जाणकार लोक मोठ्या भोकाच्या किंवा सरळ तोंडाच्या फिटिंग लावतात. टाकीतही जुन्या तोंडाऐवजी नवी, रुंद उचल-नळी उतरवतात. काही जण टाकीच्या तळाला भोक पाडून खालून डिझेल घेतात. मला हा प्रकार फारसा रुचत नाही: टाकीच्या तळाला पाणी आणि गाळ बसतो, आणि खडबडीत रस्त्यावर दगडाचा पहिला मार तिथेच. पुतण्याने काय केले आहे ते विचारून बघा.

नवा पंप चेसिसवर, टाकीजवळ आणि शक्यतो डिझेलच्या पातळीच्या खाली का बसवला, हे आता उघड आहे. ओढायचे अंतर हातभर राहिले आणि उरलेला लांबचा रस्ता ढकलण्याच्या बाजूला गेला. ढकलण्याच्या बाजूला हवेच्या दाबाची मर्यादा नाही. शिवाय थरथर आणि उष्णता यांपासून सुटका. फास आणि एअरडॉग या नावांचे पंप तिकडे लोकप्रिय आहेत. त्यांच्या अंगावरच पाणी वेगळे करणारा एक आणि डिझेल गाळणारा एक, असे दोन फिल्टर असतात, आणि डिझेलमधली हवा वेगळी करून टाकीकडे परत पाठवायची सोयही असते. हवा गेल्यामुळे अ‍ॅव्हरेज वाढते, असे जाहिराती सांगतात. तिकडे फार लक्ष देऊ नका. पूर्वी पंप उपाशी राहत असेल तर चढावर फरक जाणवेल. निरोगी गाडीचे अ‍ॅव्हरेज या कामाने बदलायचे कारण दिसत नाही. हवेची खरी किंमत पंपाच्या आयुष्यात मोजायची असते.

हवेची चर्चा निघालीच आहे तर जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेलचा दाखला द्यायलाच हवा. २००१ पासून २०१६ पर्यंत या पिकअप ट्रकना कंपनीने लिफ्ट पंपच दिला नव्हता! इंजेक्शनचा उच्च दाबाचा पंप थेट टाकीतून डिझेल खेचत असे. २०१७ च्या नव्या इंजिनाबरोबर लिफ्ट पंप आला. मधल्या काळात मालकांनी पदरचे पैसे घालून लिफ्ट पंप बसवले. अशा गाडीत टाकीपासून पुढची सगळी नळी ओढण्याच्या बाजूला असते आणि तिथे एक विचित्र गोष्ट घडते: सांधा सैल झाला तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली एक थेंब नाही, वास नाही, तरी गाडी मिसिंग करते. तुमच्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरला हा अनुभव नक्की असेल.

नळीच्या दर्जाकडेही बघायला हवे. साधा पाण्याचा किंवा हलका रबरी पाइप डिझेलने आतून मऊ पडतो, त्याचे पापुद्रे निघून फिल्टरमध्ये येतात. आणि ओढण्याच्या बाजूला असला तर आतल्या आत चपटा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो नवाकोरा दिसतो.

पुढचा गैरसमज दाबाचा. तिकडचे नवखे लोक ‘माझा पंप वीस पीएसआय देतो’ असे अभिमानाने सांगतात. दाब जास्त म्हणजे चांगले, असे काही नाही. व्हीपी-४४ साठी १४ ते १७ पीएसआय झकास. त्याच्या फार वर नेण्यात लाभ नाही, सीलवर मात्र विनाकारण ताण. आणि उभ्या गाडीवरचा दाब तर जवळजवळ निरर्थक आहे. आयडलिंगला डिझेलची ओढ नसते, तेव्हा म्हातारा पंपही झकास काटा दाखवतो. खरी परीक्षा चढावर, भरल्या गाडीने, पाय पूर्ण दाबून. तिथे काटा दहाच्या वर टिकला तर पंप, नळी आणि फिटिंग सगळे पुरेसे आहे. चौदावरून चारवर आपटला तर कुठेतरी अडले आहे, आणि बहुतेक वेळा ते पंपात नसून फिल्टरमध्ये किंवा नळीत असते. म्हणून सर्व सामानात पहिली खरेदी दाबाच्या काट्याची असावी, पंपाची नंतर. पुतण्याने काटा लावला नसेल तर काम अपुरे आहे, असे माझ्या नावाने कळवा.

आणखी एक गोष्ट त्याला विचारा: नव्या पंपाला वीज कुठून दिली? मूळ छोट्या पंपाला इंजिनाचा संगणक थेट वीज देत असे. मोठा पंप जास्त करंट खातो. तो त्याच वायरीवर टांगला तर संगणकाचे सर्किट जळू शकते. जुन्या वायरीने फक्त रिले चालवायचा आणि पंपाला वीज फ्यूजमधून थेट बॅटरीची द्यायची, ही रीत.

आता आपल्या ट्रकांकडे. तुम्ही चालवलेल्या टाटा-लेलँडच्या जुन्या गाड्यांवर इनलाइन पंप होता; त्याच्या कॅमला वंगण ऑइलचे. फीड पंप त्याच्याच अंगाला बसवलेला, त्याच्याच कॅमने चालणारा, वर हँड प्रायमर. डिझेल कमी पडले किंवा गाडीने एअर घेतली की ती सरळ बंद पडायची. ड्रायव्हर उतरून प्रायमर मारायचा, स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत एअर काढायचा आणि पुढे निघायचा. उपाशी ठेवल्याची शिक्षा तिथल्या तिथे आणि फुकटात. पंपाला कायमची इजा नाही. म्हणून फीड पंप वाढवायची गरज तुम्हाला कधी पडली नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या कॉमन रेलच्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच उच्च दाबाच्या पंपांचे वंगण पुन्हा डिझेलच. तिथे बाहेरचा मोठा पंप बसवून मिळणार काही नाही, वॉरंटी मात्र जाईल. पण फिल्टर वेळच्या वेळी न बदलण्याची जुनी सवय या गाड्यांना परवडत नाही. पूर्वी काळ्या फिल्टरवरही ट्रक पुण्याहून मंगळूरला जाऊन यायचा, तो जमाना गेला.

तुमच्याकडे एखादी जुनी गाडी अजून असेल आणि ती खाली थेंब न पाडता वारंवार एअर घेत असेल, तर फीड पंपाच्या आधी, टाकीकडून येणाऱ्या नळीत, डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू ठेवून बघा. बुडबुडे तिथेच दिसले तर हवा टाकीच्या बाजूने शिरते आहे. फीड पंप उघडायच्या आधी तिकडचे तांब्याचे वॉशर आणि क्लिपा बदला.